सोनकांबळे सरांची शिकवण

हैदराबादच्या अंबरपेठेत बुद्धविहाराच्या मागच्या हॉलमध्ये रोज सकाळी कराटेचा क्लास भरतो. तो संभाजी सोनकांबळे यांनी काढला. माणूस मूळचा देगलूरकडचा. नामांतराच्या दंग्यात गाव सुटलं, तसे तरुणपणीच ते हैदराबादला आले, रेल्वेच्या वर्कशॉपात लागले आणि तिथल्याच एका केरळी फोरमनकडून कराटे शिकले. वस्तीतल्या पोरांना कोणीही येता-जाता टपली मारून जायचं, ते त्यांना बघवत नव्हतं. कमिटीकडून त्यांनी हॉल मागून घेतला आणि ड्युटी सांभाळून शिकवायला सुरुवात केली. पहिले काही आठवडे तर पोरांना त्यांनी फक्त मान वर करून उभं राहायला शिकवलं म्हणतात. आपण कोणाला मारायला जात नाही, पण कोणी मार खात असेल तर बघत उभंही राहत नाही, हे त्यांचं वाक्य. क्लासमधल्या लहान पोरालाही ते पाठ असायचं.

त्यांचा मुलगा बुद्धभूषण याच हॉलमध्ये रांगला आणि याच हॉलमध्ये ब्लॅक बेल्ट झाला. घरी त्याला भूषण म्हणत. आबिड्सला विम्याच्या ऑफिसात त्याची नोकरी होती, पण वस्तीत त्याची ओळख 'सर' हीच. वडिलांना तो दादा म्हणायचा. दादांचे गुडघे गेल्यापासून क्लास तोच घेत होता आणि दादा दाराजवळच्या बाकावर बसून बघत. तरी बोर्डावर नाव दादांचं होतं, आणि नवीन पोराला घेऊन येणारे आईबाप आधी दादांच्याच पाया पडत. भूषणला त्याचं काही वाटायचं नाही. एक दिवस दादा सगळ्यांसमोर क्लास आपल्या हाती देतील, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी आपण काय बोलायचं, हेही त्यानं कितीदा मनात घोळवलं होतं.

स्पर्धेत भूषण कधी डगमगला नव्हता. पण स्पर्धेत रेफरी असतो, आणि समोरचा माणूस आधी कमरेत वाकून नमस्कार करतो, मग मारतो.

ही गोष्ट घडली ती एका रविवारी, भर सकाळी, कोठीच्या बाजारात. मुलीला, शिवानीला, सातवीचं गणिताचं गाइड हवं होतं, म्हणून भूषण जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर गेला होता. मस्तान चाचा नावाचा म्हातारा तिथं ताडपत्री अंथरून बसायचा. भूषण त्याच्याकडची पुस्तकं चाळत असताना एक गाडी येऊन थांबली आणि आतून तिघे जण उतरले. त्यांना गाडी तिथंच लावायची होती. पुस्तकं हटव, म्हणाले. चाचा म्हणाला, हटवतो, जरा दम धरा. त्यावर त्यातल्या एकानं पायानंच पुस्तकांची रास उडवली, आणि चाचा उठायला गेला तशी त्याच्या कानशिलात लगावली. दुसरी लगावली. म्हातारा खाली बसला तर त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि पुन्हा मारला.

भूषण हाताच्या अंतरावर उभा होता. मारणाऱ्याची बगल उघडी होती, तोल पुढे गेला होता. कुठं धरायचं, कुठं रेटायचं, हे त्याच्या डोळ्यांना लख्ख दिसत होतं. पण तोंड कोरडं पडलं होतं, मांड्यांतलं बळ कोणी काढून घेतल्यासारखं झालं होतं. त्यानं हातातलं गाइड हळूच खाली ठेवलं. आणि तो निघाला. पळाला नाही, चालत गेला, जणू काम संपलं. पलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, त्याच्या आडोशाला उभा राहिला आणि खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन कोणाचाही आलेला नव्हता.

तिथून त्याला सुजाता दिसली. सुजाता त्याच्याच सकाळच्या बॅचमधली, ब्राउन बेल्टपर्यंत आलेली, तिशीची बाई. कोठीतल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच ती ओरडली आणि चाचा आणि त्या माणसाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्याला तिनं पाठीशी घातलं. दुसऱ्यानं गाडीतून काढलेली लोखंडी सळई तिच्या तोंडावर बसली. तिनं तोंड पुसलं नाही. सळई धरलेलं मनगटच धरलं, पिरगाळलं आणि सोडलं नाही. तोवर आजूबाजूचे दुकानदार धावून आले. लोक जमलेले पाहून तिघेही शिव्या देत गाडीत बसले आणि निघून गेले.

मग सुजातानं ओढणीनं ओठाचं रक्त टिपलं, मान वर केली, आणि रस्त्यापलीकडे तिला भूषण दिसला. दोघांची नजर एक झाली.

"हां, हां," भूषण फोनमध्ये म्हणाला, "निघालोच मी." आणि पाठ फिरवून बस स्टँडकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला येणार नाही असं त्याला वाटलं होतं. खरं तर त्याला तशी आशाच होती. पण ती वेळेवर आली. वरच्या ओठाला टाके, अर्धा गाल काळानिळा. दारात थांबून तिनं नेहमीसारखं कमरेत वाकून त्याला नमस्कार केला आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी भूषण शिकवत होता ते त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. पोरं विचारत होती, ताई, काय झालं. ती म्हणाली, लागलं. बास, तेवढंच.

पण कोठीत कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. दुपारपर्यंत ती क्लिप अंबरपेठेत घरोघर पोचली. त्यात भूषण कुठं नव्हता. शूटिंग सुरू होईतो तो शटराआड गेला होता. लोकांना दिसली ती सुजाता, आणि ओळखणाऱ्यांनी लगेच जोडून दिलं की ही आपल्या सोनकांबळे सरांची शिष्या. भूषण संध्याकाळी ऑफिसातून आला तर वाटेत इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्याला थांबवून शाबासकी दिली. विहार कमिटीचे अध्यक्ष एकनाथराव स्वतः घरी आले. ही सोनकांबळे सरांची शिकवण, असं ते तीन-तीनदा म्हणाले, दादांना मिठी मारली आणि मग भूषणचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ सोडला नाही. भूषणची बायको निशिगंधा चहा घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की भूषणनं कपाकडे बघत चहा संपवला.

पुढच्या आठवड्यात नवीन पोरं यायला लागली. मुलींच्या आया तर रांग लावून. सर, आमच्या पोरीला तसं शिकवा. भूषण हो हो म्हणत होता, नावं लिहून घेत होता. सुजाता रोज येत होती, रोज वाकून नमस्कार करत होती. तिनं एकदा तरी तोंड फिरवलं असतं, तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. मार खाल्लेल्या माणसाला निदान कुठं लागलं ते माहीत असतं.

न राहवून तो एके दिवशी आबिड्सहून चालत कोठीत गेला. मस्तान चाचाची माफी मागावी, म्हणजे काहीतरी हलकं होईल, असा त्याचा हिशेब होता. चाचाच्या कानाला अजून सूज होती. त्यानं भूषणला लगेच ओळखलं, आणि भूषण तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलला.

"अच्छा किये साब, हट गये. बालबच्चेवाले आदमी हो. मैं भी भागता था, ये घुटने नक्को बोल दिये."

आणि हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता, खरीच काळजी होती. भूषणला माफीचा शब्द फुटला नाही. एवढी वर्षं कराटे शिकलेल्या माणसाला एक सुजलेल्या कानाचा म्हातारा समजावत होता की पळालास ते बरंच झालं. चाचाला तो कोण हे ठाऊक नव्हतं, हेच त्यातल्या त्यात बरं. तेही लपवूनच तो परतला.

इकडे एकनाथरावांनी बेत ठरवला. येत्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये सुजाताचा सत्कार करायचा, आणि त्याच कार्यक्रमात दादांनी क्लास भूषणच्या स्वाधीन करायचा. दादांना ते फार पसंत पडलं. त्यांनी कपाटातून आपला पांढरा ड्रेस काढून धुवायला टाकला. भूषणच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, नातलगांना फोन केले. नांदेडहून मामा येणार, बिदरहून आत्या येणार. जो दिवस भूषण लहानपणापासून मनात घोळवत होता, तो असा चालून आला.

बुधवारी सकाळी क्लास सुटल्यावर त्यानं दादांना हॉलमध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं.

दादा बाकावर बसून होते. भूषणला वाटलं, आता ते उठतील आणि एक ठेवून देतील. त्यांनी तसं केलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"कोणी कोणी पाहिलं?" दादांनी विचारलं.

"सुजातानं."

"आणखी?"

"त्या पुस्तकवाल्यानं. पण तो ओळखत नाही मला."

"मग झालं तर." दादा काठी टेकत उठले. "ती पोरगी बोलणारी नाही. तूही बोलू नको. माणसाच्या हातून होतं एखाद्या वेळेस. त्यापायी एवढा उभा केलेला क्लास मोडायचा असतो का?"

ते एवढं म्हणाले आणि गेले. भूषण हॉलच्या मधोमध उभा राहिला. दादा रागावतील, रडतील, घराबाहेर काढतील, या सगळ्याची त्यानं तयारी केली होती. दादा लपव म्हणतील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. स्वतःची लाज तर होतीच. आता तिच्यात दादांची मिसळली. ही दुसरी जास्त जड होती, कारण ती त्याच्यामुळे दादांवर आली होती.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर सुजाता मॅट गुंडाळायच्या निमित्तानं मागं राहिली. टाके निघाले होते, पण ओठ एका बाजूला किंचित ओढल्यासारखा दिसत होता. मॅट भिंतीला लावून ती त्याच्यासमोर आली.

"सर, मोठे सर काल दवाखान्यात आले होते."

भूषणनं मान वर केली.

"पेशंटच्या बाकावर बसून राहिले. माझं काम संपेपर्यंत. मग उठून हात जोडले माझ्यापुढं. पोरी, माझ्या घराची अब्रू तुझ्या हातात आहे, म्हणाले. मी कोणाला काही सांगणार नव्हते, सर. पण त्यांनी हात जोडायला नको होते."

"तुम्ही का नाही सांगितलं कोणाला?" भूषणनं विचारलं.

"ते माझं सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही दुसऱ्या दिवशीच क्लासमध्ये सांगाल. मी रोज तेवढ्यासाठीच वेळेवर येत होते."

तिनं बॅग उचलली, दारात नेहमीसारखी वाकली आणि गेली.

त्या देगलूरच्या माणसानं गाव सोडलं, पण कोणापुढं हात जोडले नाहीत, असं वस्तीत सांगत. वर्कशॉपातल्या साहेबापुढंही नाही. ते हात काल दवाखान्याच्या बाकासमोर, आजारी माणसांच्या देखत जोडले गेले. भूषण भिंतीला टेकून खाली बसला. शरमेनं मान खाली जाते असं म्हणतात. त्याला त्या दिवशी अंगभर आग आग होत होती, अगदी पायाच्या तळव्यांना सुद्धा.

रविवारी हॉल भरून गेला. तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, त्रिशरण झालं. सुजाताला शाल दिली, तिनं ती अवघडून घेतली आणि दोन वाक्यं बोलून बसली. मग एकनाथराव बोलले. झाड ओळखावं फळावरून, म्हणाले. आज फळाचा सत्कार केला, आता झाडाचा करू. दादा पांढरा ड्रेस घालून मंचावर बसले होते. त्यांनी भूषणला खुणेनं बोलावलं.

भूषणनं माइक घेतला. घोळवून ठेवलेलं भाषण त्याला एक शब्द आठवलं नाही. तो म्हणाला, हा क्लास मला आज माझ्या हाती घेता येणार नाही. सुजाताताईंनी मार खाल्ला तेव्हा मी तिथंच होतो. त्यांच्याही आधी होतो. मी त्या चाचांना सोडून निघून गेलो.

हॉलमध्ये कुजबुज झाली. एकनाथराव पटकन उठले, हसले आणि म्हणाले, सर विनयानं बोलताहेत, मोठ्या माणसाचं हेच लक्षण. काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या. एक क्षण भूषणला वाटलं, इथंच थांबावं. सांगितलं तर खरं, लोकांनी नाही मानलं. तेवढी फट त्याला अजून उघडी होती.

"विनय नाही, एकनाथराव," तो म्हणाला. "मी भ्यालो. शटराआड उभा राहून फोनवर बोलायचं सोंग केलं. ताईंनी मला बघितलं आणि मी पाठ फिरवली. त्यांनी केलं ते त्यांचं आहे. माझी शिकवण नाही ती."

या खेपेला कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतला मामा खाली बघू लागला. दादा उठले, कोणाकडे न बघता मंचाच्या पायऱ्या एकेक करत उतरले आणि बाहेर गेले. पंचफुलाबाई त्यांच्या मागं गेल्या. निशिगंधा जागची हलली नाही, पण घरी आल्यावर तिनं एकच म्हटलं, "मला आधी सांगायचं होतंस. लोकांमध्ये बसून ऐकायला लावलंस." ते खरं होतं. दादांना सांगायची हिंमत त्यानं गोळा केली होती, तिला सांगायची केली नव्हती. माफी मागून झाली, तरी कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

नवीन आलेली पोरं आली तशी गेली. जुन्यांतलीही बरीच गेली. गल्लीच्या तोंडाशी बसणारी टवाळ पोरं तो दिसला की हात कानाला लावून 'हलो, हलो' करत. शिवानीच्या शाळेतही कोणी तसं केलं, आणि आजवर रोज बापाबरोबर क्लासला येणारी ती यायची बंद झाली. एका सकाळी तो एकटाच निघत असताना ती दात घासता घासता दारात आली.

"पप्पा, तुमको सच्ची में डर लगा था?"

"हो."

"मग आता पोरांना काय शिकवता?"

त्यानं विचार केला. "भीती वाटली की अंगात काय काय होतं, ते सांगतो आधी. मला कोणी सांगितलं नव्हतं."

दोन दिवसांनी ती आपला बेल्ट शोधू लागली.

उरलेल्या पोरांसमोर तो खरोखरच ते सांगायचा. तोंड कसं कोरडं पडतं, पाय कसे आपले राहत नाहीत, आणि निघून जायला मन किती चांगली कारणं देतं. सांगताना दर वेळी त्याची नजर खाली जायची, पण तो सांगायचा. कोठीला जाऊन मस्तान चाचालाही त्यानं आपण कोण ते सांगितलं. चाचानं ऐकून घेतलं, या खेपेला हसला नाही, आणि पुस्तकावरची धूळ झटकत बसला. सुजातानं काही दिवसांनी शनिवारी बायकांची बॅच घ्यायला सुरुवात केली. भूषणनं विनवलं म्हणून नाही. तिनंच येऊन सांगितलं की शनिवारी हॉल मोकळा असतो.

दादा मात्र आलेच नाहीत. एका घरात राहून ते भूषणशी बोलत नव्हते. निरोप असला तर आईमार्फत. पावसाळा गेला, धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. मग एका सकाळी पोरं काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा सराव, करत असताना ते काठी टेकत आले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. भूषणकडे त्यांनी पाहिलं नाही. थोड्या वेळानं शिवानीला हाक मारून, मागचा गुडघा ताठ ठेव, म्हणाले. इतकंच.

ते पुन्हा रोज येऊ लागले. त्या रविवारविषयी दोघांमध्ये एक शब्द निघाला नाही; दवाखान्याविषयी तर नाहीच. सुजाता आली की दादा बाकावरून उठून उभे राहत आणि ती जागेवर गेली की बसत. भूषण ते रोज बघायचा आणि रोज त्याला ते बघवायचं नाही.

एकदा एक तेलुगू गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. बोर्डावरचं नाव वाचून ते सरळ दादांपाशी गेले, वाकले आणि म्हणाले, सर, हिला तुमच्या क्लासमध्ये घ्या.

"मेरा नहीं है," दादा म्हणाले. "क्लास उसका है. उससे पूछो."

आणि त्यांनी काठीनं भूषणकडे दाखवलं, त्याच्याकडे न बघता.

भूषणनं ऐकलं. ते गृहस्थ त्याच्या दिशेनं वळले होते, मुलगी बापाच्या मागं लपून हॉलकडे बघत होती. त्यानं रांगेला थांबायला सांगितलं, घाम पुसला आणि त्या माणसाला काही बोलण्याआधी एकदा खाली पाहिलं. मग मुलीसमोर गुडघ्यावर बसून तिचं नाव विचारलं.